दुकान तुमचं, वेबसाइट कुणाची?

आमच्या शहरात पैठणगेटकडून टिळकपथाने गुलमंडीच्या बाजारात येईपर्यंत साड्यांची, कपड्यांची, चपलांची किती दुकानं लागतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यातल्या बऱ्याच दुकानांची वेबसाइट आहे, आणि काहींची होती. पाटीवर पत्ता अजून रंगवलेला आहे, पण तो मोबाइलवर टाकला की काहीच उघडत नाही. चौकशी केली की बहुतेक वेळा एकच हकिकत निघते. ज्या मुलाने साइट करून दिली तो पुण्याला नोकरीला लागला. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्याच ईमेलवर घेतलेलं होतं. मुदत संपल्याची सूचना त्याला गेली, शेठना कळलंच नाही.

मी याच भागात फ्रीलान्स वेब डेव्हलपर म्हणून काम करतो. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, असं लोक विचारतात तेव्हा वेग, देखणेपणा, नवेपणा या गोष्टी माझ्या मनात नंतर येतात. आधी मी एवढंच बघतो, की उद्या या गिऱ्हाइकाला मला सोडून दुसऱ्याकडे जावंसं वाटलं तर आपलं सगळं सामान घेऊन जाता येईल का? येत असेल तर ते साधन चांगलं. ओपन सोर्सच्या बाजूने मी उभा राहतो तो यासाठी.

सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी माणसांनी लिहिलेल्या सूचना. बहुतेक कंपन्या त्या सूचना झाकून ठेवतात आणि फक्त वापरायची परवानगी विकतात. ओपन सोर्समध्ये मूळ मजकूर सर्वांसमोर असतो आणि सोबत एक परवाना असतो. हे वापरा, वाचा, बदला, बदललेलं दुसऱ्याला द्या, असं त्यात कायदेशीर भाषेत लिहिलेलं असतं. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्यात आणखी एक अट आहे: तुम्ही बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत, तर त्यालाही हेच हक्क द्यावे लागतात. पैसे घ्यायला मनाई नाही. माझं घर त्यावरच चालतं.

या परवान्याची ताकद कळायला वर्डप्रेसचा जन्म बघावा. जगातल्या दर दहापैकी चारांहून अधिक वेबसाइट आज वर्डप्रेसवर चालतात. २००३ पूर्वी वर्डप्रेस नव्हतं, 'बीटू' नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. मिशेल वाल्द्रिगी या तरुणाने तो लिहिला होता. मग त्याचं काम थंडावलं आणि वापरणारे लटकले. आपल्या पुण्याला गेलेल्या मुलासारखीच ही गत. पण बीटू जीपीएलखाली होता. मॅट मुलेनवेग हा अमेरिकेतला कॉलेजात जाणारा मुलगा आणि इंग्लंडमधले माइक लिटल यांनी तोच कोड उचलला, पुढे नेला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. पुढे ओरॅकलने सन कंपनी घेतली आणि तिच्यासोबत मायएसक्यूएल हा डेटाबेसही गेला. तेव्हा त्याचे मूळ कर्ते मॉन्टी विडेनियस यांनी त्याच कोडवरून मारियाडीबी उभा केला. कर्ता बाजूला झाला, मालक बदलला, तरी काम थांबलं नाही. परवान्याने ती वाट आधीच मोकळी ठेवली होती.

साइट पूर्ण झाली की मी दुकानदाराला समोर बसवून एक गोष्ट दाखवतो. वर्डप्रेसची साइट म्हणजे दोन वस्तू: फाइलींचा एक फोल्डर आणि एक डेटाबेस. डेटाबेसची प्रत काढली की एक साधी मजकुराची फाइल मिळते. ती मी नोटपॅडमध्ये उघडतो. सुरुवातीला इंग्रजी आज्ञांच्या रांगा येतात, नवख्याला काही बोध होत नाही. खाली सरकलं की मधूनच ओळखीचं दिसू लागतं: 'सेमी पैठणी, मोरपंखी', किंमत, रंग, साठा. एका शेठनी चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे माझी यादी ही अशी पडलेली असते?" हो, अशीच, आणि ती वाचायला माझी परवानगी लागत नाही. पीएचपी ही वर्डप्रेसची भाषा जाणणारा कुणीही, सिडकोतला असो की नांदेडचा, या दोन वस्तू घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर तीच साइट उभी करू शकतो. दोन्हींची प्रत मी पेन ड्राइव्हवर देतो. डोमेन मात्र पहिल्या दिवसापासून शेठच्याच नावावर आणि त्यांच्याच मोबाइलवर घ्यायला लावतो. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर ओपन सोर्स असूनही काही उपयोग नाही.

दरमहा भाडं घेऊन तयार ऑनलाइन दुकान देणाऱ्या सेवा आहेत. त्यांना मी सरसकट नावं ठेवत नाही. दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे आणि शंभरेक वस्तू विकायच्या आहेत, तर भाड्याने घ्या, असं मी स्वतः सांगतो. तिथून मालाची यादी बहुधा बाहेर काढता येते. पानांची मांडणी आणि त्यात भर घातलेल्या सोयी मात्र तिथेच राहतात. भाडं थांबलं की दुकान बंद. वर्षानुवर्षं चालवायचं असेल तर वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन बसवावं, असंच माझं मत आहे.

इथे एका घातक सवयीबद्दल बोललंच पाहिजे. वर्डप्रेस मोफत मिळतं, पण त्यावरच्या कित्येक थीम (साइटची रूपं) आणि प्लगिन (वरून जोडायच्या सोयी) विकत घ्याव्या लागतात. त्यांचं कुलूप तोडलेल्या प्रती इंटरनेटवर पडलेल्या असतात. आमच्या धंद्यात त्यांना 'नल्ड' म्हणतात. काही हजार वाचवायला त्या सर्रास बसवल्या जातात. बंद पडलेल्या अशा साइट माझ्याकडे दुरुस्तीला येतात. थीममधली फंक्शन्सची फाइल उघडली की वरच्याच भागात अर्थहीन वाटणाऱ्या अक्षरांची लांबच लांब ओळ सापडते. ती उलगडली की कळतं: हा कोड गुपचूप स्वतःसाठी अॅडमिनचं खातं तयार करतो आणि साड्यांच्या पानांमागे जुगाराच्या साइटचे दुवे लपवतो. 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' नावाचा व्हायरस नेमका अशाच नल्ड थीममधून जगभर पसरला. दुकानाचं नाव गुगलवर शोधलं की जुगाराच्या जाहिराती दिसतात आणि शेठ हादरून जातात. ओपन सोर्स म्हणजे चोरीचा माल, असा समज या प्रकारामुळे झाला आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

ओपन सोर्सचा सगळ्यात जास्त आनंद मला मराठी अक्षरांच्या बाबतीत होतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर छापखान्यात ठीक दिसायचा, पण वेबसाइटवर चिकटवला की इंग्रजी चिन्हांचा कचरा व्हायचा. कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्याच जागी मराठी आकार बसवलेला असे. युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. मग प्रश्न चांगल्या फॉन्टचा होता, आणि तो खुल्या परवान्यांनी सोडवला. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट कुणीही वापरावेत, बदलावेत. दुकानाच्या साइटसाठी एक पैसा द्यावा लागत नाही. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत आणि २००९ च्या शासन निर्णयाने ती प्रमाण मानली. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं घातलेली असतात, त्याला पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, असं सांगितलं की तो स्वतःहून मराठी ल आणि श दाखवतो. अनेक डेव्हलपर तिथे हिंदी लिहितात किंवा इंग्रजीच राहू देतात. 'एमआर' ही दोन अक्षरं लिहायला काहीच लागत नाही. मराठी दुकानाच्या पानावर ती असलीच पाहिजेत.

फॉन्टच नव्हे, व्यापाऱ्याच्या गरजेतून मोठं खुलं सॉफ्टवेअरही महाराष्ट्रातच तयार झालं, हे गुलमंडीत फारसं कुणाला माहीत नाही. मुंबईच्या ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायासाठी हिशेब, साठा, ऑर्डर सांभाळणारी प्रणाली लिहायला घेतली. त्यातून ईआरपीनेक्स्ट आणि फ्रॅपे ही कंपनी उभी राहिली. ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली आहे. आपल्याकडे एमएस-सीआयटी करून लाखो मुलं संगणक शिकली, पण अशी साधनं आपलीच माणसं लिहितात, हे त्यांना शिकवलं गेलं नाही.

खुल्या परवान्याने सगळे धोके टळतात, असं मात्र मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीत वाद पेटला. वर्डप्रेसचे अपडेट जिथून येतात ते केंद्र मुलेनवेग यांच्या ताब्यात आहे. त्यांनी त्या कंपनीची वाट बंद केली आणि तिच्या ग्राहकांना नेहमीच्या मार्गाने प्लगिन अद्ययावत करता येईनात. पुढच्या महिन्यात तिच्याच एका लोकप्रिय प्लगिनच्या जागी तिथे दुसऱ्या नावाची प्रत बसवली गेली. डिसेंबरमध्ये कोर्टाने हस्तक्षेप केला. कोड सर्वांचा होता, पण तो पोचवणारी नळी एकाच्या हातात होती. म्हणून मी आता गिऱ्हाइकांच्या प्लगिनच्या प्रती स्वतंत्रपणे जपून ठेवतो, आणि जेवढ्या कमी प्लगिनमध्ये काम भागेल तेवढ्यांत भागवतो.

दुसरा धोका माणसांच्या दमण्याचा आहे. एक्सझेड नावाची, फाइल दाबून लहान करणारी छोटी प्रणाली जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर असते. ती मुख्यतः एकटा माणूस, लासे कोलिन, फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिआ तान' नावाने कुणीतरी वर्षानुवर्षं मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि शेवटी त्यात चोरदार बसवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने माग काढला, म्हणून जग वाचलं. २०१४ मध्ये हार्टब्लीड दोष सापडला तेव्हा बँकांपासून सगळे इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होते, त्याला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. भारतात झिरोधा या कंपनीने २०२४ पासून अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला. काम मोठं आहे, पण भार एकाच कंपनीवर का असावा?

म्हणून माझ्या वार्षिक देखभालीच्या बिलात आता एक वेगळी ओळ असते. साइट ज्या प्लगिनवर चालते त्यांच्या कर्त्यांना पाठवायची छोटी रक्कम तिथे लिहिलेली असते. गुलमंडीच्या पेढ्यांमध्ये धर्मादाय खातं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, त्यामुळे ही ओळ दिसली की शेठ कौतुकाने म्हणतात, "हे धर्मादायात टाकू." मी नको म्हणतो. ज्याने लिहिलेल्या कोडवर रोजची विक्री होते त्याला दिलेला पैसा हा धंद्याचा खर्च आहे. वीजबिल कुणी दानात लिहीत नाही. एका दुकानातल्या मुनीमजींनी यावर बराच विचार केला, दोन वेळा फोन करून समजून घेतलं आणि ती रक्कम 'दुरुस्ती व देखभाल' या खात्यात टाकली. पुढच्या वर्षी बिल पाठवायच्या आधीच त्यांचा फोन आला: ती ओळ राहू देऊ नका म्हणून.

राहू देऊ नका, म्हणजे काढा असं मला क्षणभर वाटलं. ते म्हणाले, "अहो, बाकी राहू देऊ नका. आधी ते पाठवा, तुमचं मागून बघू."