ड्यूटी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण

नोकरी करता करता पदव्युत्तर पदवी घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत नोकरी एका बाजूला आणि अभ्यास दुसऱ्या बाजूला चालतो. दोघांची गाठ पडते ती परीक्षेच्या वेळी टाकलेल्या रजेच्या अर्जात. दुसरीत रोजचे कामच अभ्यासाचा विषय होते आणि त्या कामातून माणूस काय शिकला हे विद्यापीठ तपासते. या दुसऱ्या तऱ्हेला कार्याधारित शिक्षण म्हणतात. अमरावती-अकोल्याकडे पहिली तऱ्हा जुनी आणि सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी मात्र वेगवेगळ्या खात्यांत आणि व्यवसायांत, वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असल्यामुळे सहसा नजरेत भरत नाही.

वऱ्हाडातल्या कितीतरी शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी आणि बँकेतल्या कारकुनांनी ‘बाहेरून एम.ए.’ केले आहे. फॉर्म भरायचा, गाईड आणायचे, आधीच्या वर्षांचे पेपर पाहायचे आणि परीक्षेला बसायचे, अशी ती पद्धत. 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत हा कारभार नागपूर विद्यापीठाकडे होता. या पद्धतीने अनेकांना बढती मिळाली, वेतनश्रेणी मिळाली, आणि ज्यांना ऐन वयात शिकता आले नव्हते त्यांना शिकल्याचे समाधानही मिळाले. म्हणून तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दहा वर्षे शाळा चालवलेला मुख्याध्यापक आणि नुकताच पदवीधर झालेला मुलगा या दोघांना ती एकच प्रश्नपत्रिका देत होती. मुख्याध्यापकाचा अनुभव परीक्षेच्या हॉलबाहेरच राहत असे.

1 जुलै 1989 रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, आणि चित्र थोडे बदलले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाचे एक प्रादेशिक केंद्र अमरावतीत आहे. गावोगावच्या महाविद्यालयांत त्याची अभ्यासकेंद्रे चालतात. स्वतः वाचून समजावी अशा बेताने लिहिलेली पुस्तके, सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे, वेळेवर द्यायचे गृहपाठ आणि काही अभ्यासक्रमांत प्रकल्प, अशी त्याची घडण आहे. यातल्या प्रकल्पातून कार्याधारित शिक्षणाला वाट मिळते. विद्यार्थ्याने ती वापरली तर अभ्यासाचा फायदा थेट नोकरीत दिसतो. नाही वापरली तर मुक्त विद्यापीठाची पदवीसुद्धा ‘बाहेरून एम.ए.’सारखीच होऊन बसते.

मुळात हे शिक्षण मोजतात कसे, ते पाहायला हवे. श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, हे त्याचे माप. एका श्रेयांकासाठी सुमारे 30 तासांचे शिकणे धरले जाते. त्यात तास ऐकणे, वाचणे, लिहिणे, प्रात्यक्षिक हे सगळे आले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये जी रचना ठरवली, तिच्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला 88 श्रेयांक आहेत. त्यांतले 4 कार्यस्थळी प्रशिक्षणाचे किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे आणि 10 संशोधन प्रकल्पाचे. सगळे मिळून 2,640 तास होतात, म्हणजे दोन वर्षे दर आठवड्याला पंचवीस तास. सकाळी नऊला घर सोडणारा आणि संध्याकाळी सातला परतणारा माणूस हे पंचवीस तास कुठून आणणार? आठवड्यातून एक रविवार दिला की पदवी हातात, असे सांगणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच फार भरवसा ठेवू नये. मात्र प्रशिक्षण आणि प्रकल्प यांचे 14 श्रेयांक, म्हणजे 420 तास, स्वतःच्या कामाशी जोडता आले तर ओझे खरोखर हलके होते. एप्रिल 2023 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले. संबंधित कामाचा अनुभव जितका जास्त तितके श्रेयांकांना अधिक वजन, जास्तीत जास्त दुप्पट, असे तत्त्व त्यात मान्य केले आहे. अट एकच, शिकल्याचे मूल्यमापन झालेले असले पाहिजे. नुसता सेवाकाळ पुरत नाही.

वऱ्हाडात याचे सर्वांत चपखल उदाहरण कृषी खात्यात सापडते. हैदराबादची ‘मॅनेज’ ही केंद्र सरकारची कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था 2007 पासून विस्तार अधिकाऱ्यांसाठी एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवते. तालुक्यात नोकरी करणारा अधिकारी घरी पुस्तके वाचतो, संपर्कवर्गांना जातो, परीक्षा देतो आणि आपल्या कामावर प्रकल्प लिहितो. त्याचे ‘काम’ म्हणजे काय, हे कपाशीच्या हंगामात कळते. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायला सांगितले जाते. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असे समजतात. फुलांत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, दिसतात का, हेही पाहावे लागते. हा हिशेब शिवाराशिवारात सांगणे हे अधिकाऱ्याचे रोजचेच काम आहे. अभ्यासक्रम त्याला पुढचे प्रश्न विचारायला लावतो. किती शेतकऱ्यांनी सापळे खरोखर लावले? किती जणांनी पतंग मोजले? आणि किती जणांनी सापळा न पाहता शेजाऱ्याने फवारले म्हणून फवारले? या तीन आकड्यांमधली तफावत कुठल्या गावात, कोणत्या जमीनधारणेत, कोणत्या दुकानदाराच्या सल्ल्याने पडते, हे जो अधिकारी नोंदवतो त्याचा प्रकल्प खात्याच्याच उपयोगाला येतो. ‘गुलाबी बोंडअळी : एक अभ्यास’ असा मथळा देऊन पाठ्यपुस्तकातले जीवनचक्र पुन्हा उतरवून काढणाऱ्याच्या हाती पदविका पडते, पण पुढच्या हंगामात त्याच्या सांगण्यात काही फरक पडत नाही.

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी याच संस्थेची ‘देसी’ ही पदविका 2003 पासून आहे. ती पदव्युत्तर नाही, पण तिची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. वर्षभर आठवड्यातून एक दिवस वर्ग, तोही बाजाराच्या सुटीचा, आणि मधून मधून शेतांच्या भेटी. अशा पदविकेची गरज किती, हे 2017 मध्ये दिसले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा औषध विकणाऱ्याला त्यातले काय कळते, हा प्रश्न सगळ्या विदर्भाला पडला होता.

शिक्षकांचे उदाहरण तितकेच बोलके आहे. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या शाळांत पहिलीत येणाऱ्या अनेक मुलांची घरची भाषा कोरकू असते, पुस्तक मराठीत. सेवेत असलेला शिक्षक शिक्षणशास्त्रातली पदवी घेताना कृतिसंशोधन करतो, तेव्हा त्याच्यासमोर हा विषय आयता उभा असतो. जूनमध्ये मुलांना किती मराठी शब्द कळतात, चित्रे आणि कोरकू शब्द यांचा आधार घेऊन शिकवल्यावर दिवाळीच्या सुटीपर्यंत किती कळू लागले, कोणते मूल मागे राहिले आणि का. एवढे प्रामाणिकपणे नोंदवायला प्रयोगशाळा लागत नाही. हजेरीपट आणि एक वही पुरते. बाहेरच्या संशोधकाला हा वर्ग समजायला सहा महिने लागतील, आणि शिक्षक रोज सकाळी त्याच वर्गात उभा असतो.

काही व्यवसायांत तर कामातून शिकणे हाच राजमार्ग आहे. सनदी लेखापालाच्या (सी.ए.) अभ्यासक्रमात आर्टिकलशिप, म्हणजे लेखापालाच्या हाताखालची उमेदवारी, टळत नाही. 2023 च्या नव्या योजनेत तिचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. अकोला आणि अमरावती या दोन्ही शहरांत सनदी लेखापाल संस्थेच्या शाखा आहेत. जिनिंग, डाळ मिल आणि अडतीच्या हिशेबांत तयार झालेली मुले पुढे स्वतःचे ऑफिस थाटतात. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सी.ए.ची पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची धरली, म्हणजे आर्टिकलशिप करून सी.ए. झालेल्याला आता विद्यापीठात पीएच.डी.चे दार उघडे आहे. डॉक्टरांचे एम.डी., एम.एस. आणि डी.एन.बी. हे तर वॉर्डातच होते. आता त्यात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढण्याची सक्ती आहे. दुर्गम म्हणून जाहीर झालेल्या भागात सेवा दिलेल्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याला पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या गुणांत दर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत, कमाल तीस टक्के, वाढ देण्याची तरतूदही नियमांत आहे.

अभियंत्यांची वाट अरुंद आहे, आणि ती तशी असणे बरेच म्हणायचे. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, विधी, कृषी, वास्तुशास्त्र यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देण्यास आयोगाची मनाई आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या पत्राने शिकून मिळवलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर कुऱ्हाड चालवली, तेव्हा नोकरीत स्थिरावलेले लोक अडचणीत आले. याउलट पिलानीच्या ‘बिट्स’ने 1979 पासून नोकरदारांसाठी कामाशी जोडलेले अभ्यासक्रम चालवले आहेत. त्यात शेवटचा प्रबंध उमेदवाराच्या स्वतःच्या कामावर असतो आणि कंपनीतला एक ज्येष्ठ त्यावर देखरेख करतो. अशा प्रबंधाला अमरावती-अकोला पट्ट्यात विषयांची वाण नाही. जून 2022 मध्ये याच दोन शहरांमधल्या राष्ट्रीय महामार्गावर 75 किलोमीटर डांबरी काँक्रीटची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत अखंड टाकली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. मिश्रण प्लांटवरून निघताना किती तापमानाचे होते, पेव्हरपर्यंत पोहोचेस्तोवर किती उतरले, रोलर किती वेळा फिरला, या नोंदी साइटवरच्या अभियंत्याकडे असतात. वर्गात बसून त्या मिळत नाहीत.

इंग्लंडमध्ये मिडलसेक्स विद्यापीठाने 1990च्या दशकात या पद्धतीला स्वतंत्र शाखेचे रूप दिले. तिथली खरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्रिपक्षीय करार. विद्यार्थी काय शिकणार, मालक त्याला कोणती कागदपत्रे आणि किती वेळ देणार आणि विद्यापीठ ते कसे तपासणार, हे तिघे मिळून सुरुवातीलाच लिहून काढतात. आपल्याकडे नेमके इथेच अडते. साहेब ना-हरकत प्रमाणपत्रावर सही करतात आणि विषय संपतो. आयोगाच्या 2022 च्या नियमांनी नोकरदाराला अर्धवेळ पीएच.डी.ची मुभा दिली. त्यांत कार्यालयाने या कर्मचाऱ्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळतो असे लिहून द्यायचे असते. ते लिहून दिले जाते; वेळ मात्र निवडणुकीच्या ड्यूटीत आणि मार्चअखेरच्या कामात जातो. राज्य शासनाच्या रजा नियमांत अध्ययन रजा आहे, साधारणतः पाच वर्षांच्या सेवेनंतर आणि एका वेळी बारा महिन्यांपर्यंत, पण ती मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला रिकाम्या खुर्चीची चिंता असते.

दुसरा रोग प्रकल्पाचा. झेरॉक्सच्या दुकानात टाइप केलेला, बाइंडिंग केलेला आणि फक्त नाव बदलायचे बाकी असलेला प्रकल्प मिळू शकतो, हे विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही जाणतात. यावर उपाय महागडे नाहीत. परीक्षकाने मूळ नोंदवही मागावी, कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठाला फोन करावा आणि तोंडी परीक्षेत फक्त एक प्रश्न नीट विचारावा: हा आकडा तुम्ही कोणत्या दिवशी, कुठे मोजला?

प्रवेश घेणाऱ्याने आपल्यापरीने तीन गोष्टी आधी पाहाव्यात. संस्थेचा तोच अभ्यासक्रम त्याच वर्षासाठी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (‘डेब’च्या) यादीत आहे का. 2024 पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला लागणारा डेब क्रमांक स्वतः काढला आहे का. आणि प्रकल्पाला मार्गदर्शक कोण, तो कधी भेटणार. पहिल्या दोन गोष्टी मोबाइलवर दहा मिनिटांत कळतात. तिसरीसाठी फी भरण्याआधी अभ्यासकेंद्रात एक चक्कर मारावी लागते, आणि उत्तर मिळाले नाही तर दुसरे केंद्र पाहावे.