खंडेनवमीचे पूजन आणि पद्मिनीची ठिणगी

आज खंडेनवमी. खड्ग, नांगर, तराजू, करवत, लेखणी. जे ज्याच्या चरितार्थाचे साधन, त्याला आज गंधाक्षता वाहावयाच्या. विराटनगरीजवळच्या शमीवृक्षावर ठेवलेली शस्त्रे पांडवांनी वर्षभराने खाली काढली आणि गांडीवाने ऐन समयी अर्जुनास दगा दिला नाही, ही कथा आपल्या घरोघरी आज पुन्हा सांगितली जाईल. साताऱ्यात तर दसऱ्यास जलमंदिर राजवाड्यातून भवानी तलवार पूजनासाठी मिरवणुकीने पोवई नाक्यावर नेण्याची परंपरा आहे.

शस्त्रांच्या या पंक्तीत आता मोटारीलाही मान मिळाला आहे. परंतु तिच्या पूजेत एक गंमत आहे. पूजेपूर्वी गाडीला अभ्यंगस्नान घालावयाचे म्हणून बॉनेट उघडून नळाची धार थेट इंजिनावर सोडली जाते. झेंडूची माळ चढते, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनास निघालेली जुनी गाडी दारातच अडून बसते. गेल्या दसऱ्यास आमच्या साताऱ्याच्या घरी नेमके हेच घडले. गाडी वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसली, तेव्हा इंजिन सुरू झाले. पण मिसिंग काही जाईना. घरात मग तो अप्रिय विषय निघालाच. “अण्णा, आता भंगारात द्या ही गाडी,” असे धाकटा म्हणाला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी बॉनेट मिटले आणि ते देवघरात गेले.

डिस्ट्रिब्युटर हे पेट्रोल इंजिनाचे पंचांगच म्हणावे. कोणत्या सिलिंडरात कोणत्या क्षणी ठिणगी पडावी, हा मुहूर्त तो ठरवितो. आतील पॉइंट उघडताच कॉईलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तो फिरत्या रोटरवाटे कॅपच्या चार टोकांना आणि तेथून चार प्लगांना आळीपाळीने पोहोचतो. क्रम एक-तीन-चार-दोन असा. इंजिनाचे मिनिटास तीन हजार फेरे होत असतील, तर त्या मिनिटात सहा हजार ठिणग्या पडतात. पॉइंटमधील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, आणि सारा मुहूर्त तेवढ्यावर अवलंबून!

आमच्या कॅपला आतून केसासारखी चीर गेली होती व तीवर कोळशाची काळी रेघ उमटली होती. शिवाय मधली दांडी धरून हलविली तर खडखडत होती, म्हणजे बुश झिजले होते. दांडी डगमगली की पॉइंटची फट दर फेऱ्यास बदलते. मग पॉइंट कितीही नवे घाला, उपयोग शून्य.

सातारा, कऱ्हाड, सांगली, तिन्ही ठिकाणची सुट्या भागांची दुकाने पालथी घातली. “पद्मिनीचा माल आता कुठला, काका?” हेच उत्तर सर्वत्र. त्यामागचे कारण मुंबईत आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ साली मिळाले. नव्या शतकाच्या आरंभी उत्पादन थांबले, तरी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे सुट्या भागांना गिऱ्हाईक उरले होते. वीस वर्षांची वयोमर्यादा भरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या, गिऱ्हाईक गेले. गिऱ्हाईक गेले तसा मालही आटला.

पुण्याच्या नाना पेठेत एक कॅप मिळाली, पण ती दुसऱ्याच बनावटीची निघाली. एकाच नावाच्या गाडीत निरनिराळ्या बनावटीचे डिस्ट्रिब्युटर आढळतात, हे तेव्हा कळले. जुना भाग हातात घेऊनच दुकानी जावे, केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. दुसऱ्या खेपेस जुनी कॅप शेजारी ठेवून ताडून पाहिली, तेव्हा योग्य ती सापडली.

बुशाचे काम मात्र सांगलीत झाले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, सातारचा कूपर १९२२ चा. या दोन जिल्ह्यांत लेथ चालविणारा हात पिढ्यान्‌पिढ्या घडला आहे. (कूपरचे नाव डिझेल इंजिनांसाठी. त्यांना ठिणगीच लागत नाही, हा भाग वेगळा!) मिरजेचे तंतुवाद्य-कारागीर मुळात तलवारींना धार लावणारे शिकलगार. शस्त्रांचा काळ सरला, तेव्हा तेच हात तंबोरा-सतारीकडे वळले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले.

आमच्या वृद्ध मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी रोटरचे तोंड कोठे आहे तेथे खडूने खूण केली. ही खूण विसरली की टायमिंग हरवते. गनमेटलचे बुश लेथवर कातून घेतले, तेलात बुडवून ठेवले, मगच बसविले. चीर गेलेली कॅप चिकटवून घेऊ का, असे मी विचारले, तर ते जवळजवळ रागावलेच. “अहो, काळी रेघ एकदा पडली की वीज त्याच वाटेने पळणार. खरवडून दोन दिवस चालेल, तिसऱ्या दिवशी घाटात उभे राहाल.” पॉइंटवरची काजळी त्यांनी घासून काढली, फट फीलर गेजने लावली. कंडेन्सर मात्र नवा घातला. आतल्या वजनांच्या बारीक स्प्रिंगांना त्यांनी हात लावला नाही. तशा मिळत नाहीत, आणि दुसऱ्या घातल्या तर वेगाबरोबर ठिणगी पुढे सरकण्याचे मान चुकते, असे ते म्हणाले. कामाचे पैसे त्यांनी इतके थोडे सांगितले की वडिलांनीच ते वाढवून दिले.

परतताना वडील स्वतः गाडी चालवीत होते. कऱ्हाडपर्यंत कोणीच बोलले नाही. सगळे इंजिनाकडे कान लावून बसलो होतो.

आज पहाटे गाडी धुतली. त्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, ती धाकट्याने. हळदकुंकू बॉनेटवर वाहिले, इंजिनावर पाणी पडू दिले नाही. चीर गेलेली जुनी कॅप वडिलांनी टाकलेली नाही. आज ती पाटावर, कोयता आणि पोथीच्या शेजारी मांडली आहे.