मूळ संहिता लुप्त असताना : बौद्ध ग्रंथांच्या भाषांतराचा प्रश्न

अनेक बौद्ध शास्त्रग्रंथांची मूळ संस्कृत संहिता आज उपलब्ध नाही. त्यांची चिनी व तिबेटी भाषांतरे तेवढी टिकून आहेत. अशा ग्रंथाचे मराठी भाषांतर करताना 'मूळ' म्हणून नेमके काय समोर ठेवावे?

महाराष्ट्रातील अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. वा. वि. गोखले यांनी 'अक्षरशतक' या छोट्या माध्यमिक ग्रंथाचे चिनी व तिबेटी साधनांवरून केलेले भाषांतर १९३० मध्ये हायडेलबर्ग येथे प्रसिद्ध झाले. चिनी परंपरा हा ग्रंथ आर्यदेवाचा मानते, तर तिबेटी परंपरा नागार्जुनाचा. म्हणजे दोन साक्षीदारांत कर्त्याविषयीही एकमत नाही. पु. वि. बापट यांनी १९३७ मध्ये 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाच्या चिनी रूपाची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना केली.

तिबेटी भाषांतरावरून संस्कृत पुन्हा रचण्याचा मोह स्वाभाविक आहे. नवव्या शतकाच्या प्रारंभीच्या 'महाव्युत्पत्ति' या कोशाने संस्कृत संज्ञांचे तिबेटी प्रतिशब्द ठरवून दिले होते. त्यामुळे 'चोम-देन-दे' दिसले की तेथे 'भगवत्' असणार, हे बहुधा निश्चित सांगता येते. परंतु तिबेटीत संस्कृतप्रमाणे लिंगभेद नाही. समास तत्पुरुष की बहुव्रीही, हे पुष्कळदा कळत नाही. आणि कारिकेत वृत्तासाठी कोणता पर्यायशब्द योजला होता, हे तर अनुमानानेच ठरवावे लागते. संज्ञा परत मिळतात, वाक्य मिळतेच असे नाही.

'अभिधर्मकोशा'चे उदाहरण बोलके आहे. पूसाँ यांनी चिनी, तिबेटी व यशोमित्राची संस्कृत टीका यांच्या साहाय्याने त्याचे फ्रेंच भाषांतर केले (१९२३-१९३१). त्यांच्या कार्याच्या आधारे राहुल सांकृत्यायन यांनी १९३१ मध्ये काशीहून कारिका स्वतःच्या टीकेसह प्रसिद्ध केल्या. पुढे मूळ हस्तलिखित तिबेटात सापडले, तेही राहुलजींनाच! असा योग विरळा. त्या हस्तलिखिताच्या छायाचित्रांवरून गोखले यांनी १९४६ मध्ये कारिका संपादित केल्या. भाष्य प्रह्लाद प्रधान यांनी १९६७ मध्ये प्रकाशित केले. तोपर्यंत जे अनुमान होते, ते आता पडताळता येऊ लागले. बहुतेक लुप्त ग्रंथांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

मराठी भाषांतरकारापुढे आणखी एक अडचण आहे आणि माझ्या मते तीच अधिक फसवी आहे. इंग्रजी भाषांतरकाराला प्रतिशब्द शोधावाच लागतो. आपल्याला तो आयता मिळतो. तिबेटी 'छोर-वा'वरून 'वेदना' हा मूळ शब्द मिळाला आणि तो तसाच मराठीत ठेवला, तर वाचक दुःख समजतो. बौद्ध शास्त्रात मात्र सुखद अनुभवही वेदनाच होय. 'विज्ञान' म्हणताच वाचकाला प्रयोगशाळा आठवते, तेथे अभिप्रेत असते जाणीव. शब्द मूळचाच, अर्थ मात्र निसटलेला.

म्हणून पुनर्रचित शब्दापूर्वी तारकाचिन्ह द्यावे, आधारभूत तिबेटी वा चिनी पाठ तळटीपेत नोंदवावा आणि दोन्ही पाठ भिन्न असल्यास ते शेजारी शेजारी छापावेत. पान थोडे बोजड होईल. परंतु वर्गात तो ग्रंथ शिकविणाऱ्या अध्यापकाला वसुबंधू कोठे बोलतो आणि भाषांतरकार कोठे, हे दाखविता येईल.