‘डा फाइव्ह ब्लड्स’ : कृष्णवर्णीय सैनिकांचे व्हिएतनाम

व्हिएतनाम युद्धावरील बहुतेक नावाजलेल्या अमेरिकी चित्रपटांच्या केंद्रस्थानी गोरा सैनिक राहिला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून लढलेला कृष्णवर्णीय सैनिक दुय्यम भूमिकेतच दिसत आला. दिग्दर्शक स्पाइक ली यांनी जून २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झालेल्या ‘डा फाइव्ह ब्लड्स’ या चित्रपटात हा क्रम जाणीवपूर्वक उलटवला आहे. ‘ब्लड्स’ म्हणजे या युद्धातील कृष्णवर्णीय सैनिक परस्परांना आपुलकीने मारत असत ती हाक. पॉल, ओटिस, एडी आणि मेल्विन हे चार वयस्क माजी सैनिक युद्धात पडलेल्या आपल्या नायकाचे, नॉर्मनचे, अवशेष मायदेशी नेण्यासाठी व्हिएतनामला परततात. मात्र त्याच जंगलात त्यांनी पुरून ठेवलेले सीआयए या गुप्तचर संस्थेचे सोनेही त्यांना हवे असते, आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाची भरपाई म्हणून आपल्या समाजाला मिळावे, असा नॉर्मनचा आग्रह होता.

या आग्रहामागे खरा इतिहास आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करभरतीतून सवलत मिळत असताना संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी १९६६ मध्ये सैन्यप्रवेशाच्या चाचणीचे निकष शिथिल करणारी योजना आणली आणि तिच्यातून भरती झालेल्या तीन लाखांहून अधिक तरुणांपैकी सुमारे ४० टक्के कृष्णवर्णीय होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये या युद्धाचा जाहीर निषेध केला आणि बरोबर एका वर्षाने मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. चित्रपटातील सैनिकांना ही वार्ता कळते ती शत्रूच्या आकाशवाणीवरून, म्हणजे अमेरिकी सैनिकांचे मनोबल खचवण्यासाठी इंग्रजीत बोलणाऱ्या ‘हनोई हॅना’ या निवेदिकेच्या तोंडून, आणि तेव्हा संतापाने पेटलेल्या सोबत्यांना नॉर्मनच आवरतो. ज्या देशासाठी लढायचे त्याच देशात आपला नेता मारला जातो, ही कोंडी एवढ्या थेटपणे मांडणारा प्रसंग अमेरिकी युद्धपटांत विरळा.

चित्रपटाचे खरे बळ पॉलच्या व्यक्तिरेखेत आहे. डेलरॉय लिंडो यांनी साकारलेला हा माणूस डोनाल्ड ट्रम्प यांचा समर्थक असून त्यांच्या प्रचाराची लाल टोपी घालून फिरतो; युद्धाच्या आघातामुळे वर्षानुवर्षे भास, भयस्वप्ने आणि अपराधभाव यांनी तो पोखरला गेला आहे. आपल्या राजकीय मतांशी न जुळणाऱ्या माणसाला ली यांनी खलनायक न करता शोकनायक केले, हा त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय होय. दुसरा असाच निर्णय गतस्मृतींच्या दृश्यांत दिसतो : सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलेल्या या दृश्यांत वृद्ध नटांना रंगभूषेने वा संगणकाने तरुण केलेले नाही, त्यामुळे चॅडविक बोसमन यांचा नॉर्मन तेवढा तरुण राहतो आणि वाचलेले चौघे पिकल्या केसांनी त्याच्याशेजारी लढतात. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोसमन यांचे निधन झाले.

तथापि व्हिएतनामी लोकांना चित्रपट पुरेसा न्याय देत नाही. व्हिएतनाममध्ये जन्मलेले अमेरिकी कादंबरीकार वियेत थान न्गुयेन यांनी तेव्हाच हा आक्षेप घेतला होता आणि तो रास्त आहे, कारण ज्यांच्या भूमीवर हे युद्ध झाले त्यांच्या वाट्याला येथेही बहुतांशी अमेरिकनांच्या कथेतील साहाय्यक भूमिकाच येतात. ऑस्करच्या स्पर्धेत या चित्रपटाला टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या संगीतासाठी एकच नामांकन मिळाले. लिंडो यांचा अभिनय मात्र डावलला गेला, आणि तो निर्णय चुकीचाच होता.