हिमलोट परिणाम, कोशिकीय गुप्तलेखनातील

मूळ मजकुरातील एक बिट (० किंवा १ हा अंक) बदलल्यास सांकेतिक मजकुरातील सुमारे निम्मे बिट बदलण्याच्या गुणधर्मास हिमलोट परिणाम म्हणतात. हॉर्स्ट फाइस्टेल यांनी १९७३ मध्ये ही संज्ञा वापरली. ठराविक लांबीच्या खंडांत मजकुराचे सांकेतन करणाऱ्या पद्धतीस हा गुण आवश्यक असतो. अन्यथा सांकेतिक मजकुरांच्या तुलनेवरून मूळ मजकुराचा वा किल्लीचा माग काढता येतो.

कोशिकीय स्वयंचलात ० किंवा १ असलेल्या घरांची ओळ असते. प्रत्येक पायरीस सर्व घरे एकाच वेळी बदलतात. घराचे नवे मूल्य ते घर व त्याचे शेजारी यांवरून ठरते. त्यामुळे बदलाचा परिणाम एका पायरीत दोन्ही बाजूंस फार तर एकेक घर सरकतो. १२८ घरांच्या वर्तुळाकार ओळीत तो सर्वांत दूरच्या घरापर्यंत पोहोचण्यास किमान ६४ पायऱ्या लागतात.

प्रसाराचे स्वरूप नियमानुसार भिन्न असते. स्टीव्हन वुल्फ्रॅम यांच्या क्रमांकनातील नियम ९० नुसार दोन्ही शेजारी भिन्न असल्यास घराचे मूल्य १, अन्यथा ० होते. पुरेशा लांब ओळीत या नियमाने ६४ पायऱ्यांनंतर एका बिटाचा फरक केवळ दोनच घरांत उरतो. तसेच नियम एकघाती असल्याने फरकाची आकृती मजकुरावर अवलंबून नसते. नियम ३० एकघाती नाही. त्यानुसार मधले वा उजवे घर १ असल्यास डाव्या शेजाऱ्याचे मूल्य उलटवून, अन्यथा जसेच्या तसे घेतात. यात फरक उजवीकडे प्रत्येक पायरीस निश्चितपणे सरकतो. डावीकडे मात्र मधले घर ० असेल तरच सरकतो. म्हणून प्रसार मजकुरावर अवलंबून राहतो.

मूळ मजकूर परत मिळण्यासाठी क्रिया उलटविता आली पाहिजे. नियम ३० तसा नाही. तथापि नियमाच्या उत्तरात आधीच्या पायरीतील मूल्य हातचा सोडून मिळविल्यास कोणताही नियम उलटविता येतो. ही युक्ती एडवर्ड फ्रेडकिन यांची होय.

केवळ प्रसारामुळे मात्र सुरक्षितता लाभत नाही. नंदी, कर व पाल चौधरी या भारतीय संशोधकांनी १९९४ मध्ये कोशिकीय स्वयंचलावर आधारित सांकेतन सुचविले. त्यातील खंड-सांकेतनाची परिवर्तने एकघाती स्वरूपाची असल्याने ते असुरक्षित असल्याचे ब्लॅकबर्न, मर्फी व पॅटरसन यांनी १९९७ मध्ये दाखविले. अशी परिवर्तने कितीही वेळा केली, तरी एकत्रित परिवर्तन एकघातीच राहते व पुरेशा ज्ञात मजकुरांवरून समीकरणे मांडून ते शोधता येते. म्हणून पुरेशा पायऱ्यांबरोबरच एकघाती नसलेला नियमही अपरिहार्य ठरतो.