दात्यांचा हिशेब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयडाहो हा प्रांत पर्वतांचा, अरण्यांचा आणि विरळ वस्तीचा, आणि बॉइसी ही त्याची राजधानी. 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील अमेरिकन होंडा कंपनीचे विक्रीप्रमुख जॅक मॅकॉर्मॅक यांच्या ध्यानात एक विलक्षण तफावत आली. लॉस एंजेलिससारख्या महानगरातील सहा विक्रेते मिळून होंडा 50 या चिमुकल्या दुचाकीचे जेवढे नग खपवीत, त्यांहून अधिक नग बॉइसीतील एकटा विक्रेता खपवीत होता. चौकशीअंती जी हकीकत उघड झाली ती अशी की, हर्ब उल नावाचा हा विक्रेता कारखान्यातून आलेली गाडी जशीच्या तशी न विकता, तिच्यावर खोल खाचांचा टायर आणि मागील चाकाला मुळापेक्षा पुष्कळ अधिक दात्यांचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळी ज्यावरून फिरते ते दंतुर चक्र, चढवून, ती अरण्यातील अरुंद पायवाटांवर हिंडण्याचे वाहन म्हणून विकत होता. एंजिनाला त्याने हात लावला नव्हता. मॅकॉर्मॅक यांनी तशी एक गाडी जपानला रवाना केली, तिच्या उत्पादनाची मागणी केली, आणि मार्च 1961 पर्यंत ‘ट्रेल 50’ या नावाची कारखान्यात घडलेली गाडी अमेरिकेतील विक्रेत्यांकडे येऊन पोचली.

एका दंतुर पोलादी चकतीने वाहनाची एक नवी जात जन्मास घालावी, ही गोष्ट यंत्रशास्त्राच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा अशा योग्यतेची आहे. कारण त्या चकतीने एंजिनाच्या शक्तीत एका कणाचीही भर घातलेली नव्हती. होंडा 50 म्हणजे 1958 साली जपानात अवतरलेली सुपर कबच; तिचे 49 घन सेंटिमीटरचे एंजिन मिनिटाला 9500 फेऱ्यांच्या गतीस पोचले म्हणजे साडेचार अश्वशक्ती देई. बॉइसीच्या डोंगरातही ते तेवढेच देण्यास समर्थ होते, किंबहुना त्याहून कमी, कारण समुद्रसपाटीपासून 2000 मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे 18 टक्क्यांनी घटते आणि हवेवर जगणाऱ्या एंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात ओसरते. पूर्वी घाटाच्या पायथ्याशी गाडीवान जादा बैलजोडी जुंपून घेत, आणि त्या जोडीने खरोखरीच नवे बळ येई; स्प्रॉकेट बदलण्यात मात्र बैल तेच राहतात, आणि त्यांच्या बळाची वाटणी तेवढी निराळी होते.

ही वाटणी नीट समजावी म्हणून थोडे आकडे मांडतो. गाडी, स्वार आणि सामान मिळून 160 किलोग्रॅम भार आहे आणि चढ असा आहे की त्यावरून चार मीटर पुढे जाताना एक मीटर वर जावे लागते, असे धरले, तर गुरुत्वाकर्षण त्या गाडीला 40 किलोग्रॅम वजनाइतक्या ओढीने मागे खेचीत असते. 2000 मीटर उंचीवरील क्षीण झालेली शक्ती विचारात घेऊन हिशेब केला, तर हे एंजिन अशा चढावर कागदोपत्री ताशी 25 किलोमीटरपर्यंत वेग देऊ शकते. साखळीतील, टायरमधील व सैल मातीतील घर्षणाची वजावट केल्यावर तो आकडा बराच खाली येतो, तथापि चढ चढता येतो, हे निश्चित. मग सडकेसाठी बांधलेली गाडी तेथे का अडते? तर तिच्या मूळ दात्यांच्या प्रमाणात एवढ्या मंद वेगाला एंजिनाच्या फेऱ्या इतक्या कमी होतात, की ज्या गतीपाशी त्याची शक्ती वास करते त्या गतीपर्यंत ते पोचतच नाही. शक्ती आहे, परंतु तिच्यापर्यंत जाण्याचा मार्ग बंद आहे. त्यातून सुपर कबचा क्लच स्वयंचलित, केंद्रोत्सारी जातीचा. एंजिनाच्या फेऱ्या पुरेशा वाढल्याखेरीज तो घट्ट पकड घेत नाही, आणि चढावर रखडणाऱ्या गाडीत तो घसरत राहून बहुमोल शक्तीची निव्वळ उष्णता करतो. मागील स्प्रॉकेटचे दाते वाढविले, की चाकाच्या एका फेरीमागे एंजिनाला अधिक फेऱ्या घ्याव्या लागतात; म्हणजेच माणसाच्या पावलाच्या वेगाने जातानाही एंजिन आपल्या सुखाच्या गतीत राहते, क्लच पकड सोडीत नाही, आणि त्याच प्रमाणात चाकावरील ओढ वाढते.

याची किंमत अर्थात वेगात मोजावी लागते. पुढे गिअरपेटीच्या दांड्यावरील चक्राला 15 व मागे चाकावरील चक्राला 45 दाते असतील, तर प्रमाण तिनास एक पडते. गिअरपेटीतून बाहेर येणारा दांडा मिनिटाला 2000 फेऱ्या घेत असेल आणि चाकाचा परीघ पावणेदोन मीटर असेल, तर गाडी ताशी 70 किलोमीटर वेगाने जाईल. पुढचे चक्र 14 दात्यांचे केले की तोच वेग सुमारे 65 वर येतो, आणि ओढ सात टक्क्यांनी वाढते. मागील बाजूने हाच परिणाम साधावयाचा तर 45 ऐवजी 48 दाते घ्यावे लागतात. पुढचा एक दाता मागच्या तिहींच्या तोडीचा, हा जो आडाखा फिटर लोक वापरतात, तो अशा रीतीने साध्या भागाकारातून निघतो.

परंतु पुढचे चक्र लहान करणे आणि मागचे मोठे करणे या दोन गोष्टी चाकापाशी समान वाटल्या तरी साखळीपाशी समान नाहीत, आणि मला या विषयातील खरा रस येथेच वाटतो. पुढच्या चक्राची त्रिज्या घटविली की तेवढ्याच पिळासाठी साखळीला अधिक ताण सोसावा लागतो. मागचे चक्र वाढविले तर साखळीवरील ताण होता तेवढाच राहतो, आणि केवळ तरफेचा बाहू लांब झाल्याने ओढ वाढते. शिवाय साखळी ही काही लवचिक दोरी नव्हे. हान्स रेनॉल्ड याने 1880 साली मँचेस्टर येथे जिचे पेटंट घेतले, त्या रोलरच्या साखळीतील प्रत्येक कडी ताठ असते, आणि म्हणून ती चक्राभोवती वर्तुळाकार न बसता बहुकोनाकार बसते. परिणामी चक्र एकसारखे फिरत असतानाही साखळीचा वेग प्रत्येक दात्यागणिक किंचित चढतो आणि उतरतो. हा चढउतार 15 दात्यांच्या चक्रावर सुमारे 2.2 टक्के, 12 दात्यांवर 3.4 टक्के, तर 10 दात्यांवर जवळजवळ 5 टक्के होतो. लहान चक्रावर कड्यांना अधिक तीव्र कोनात वाकावेही लागते. झीज, कंप आणि आवाज यांचे मूळ या भूमितीत आहे, आणि कोणत्याही वंगणाने ती भूमिती पालटत नाही.

दात्यांची संख्या सम असावी की विषम, हाही विचार निरर्थक नाही. साखळीच्या कड्या बहुधा सम असतात. 98 कड्यांच्या साखळीशी 14 दात्यांचे चक्र जोडले, तर प्रत्येक दात्याच्या वाट्याला त्याच त्या सात कड्या पुनःपुन्हा येतात आणि एखाद्या सदोष कडीचा त्रास ठराविक दात्यालाच भोगावा लागतो. 15 दाते घेतले, तर प्रत्येक दाता क्रमाक्रमाने प्रत्येक कडीस भेटतो आणि झीज सर्वांत सारखी विभागली जाते.

बॉइसीच्या चकतीमागोमाग जी अडचण उद्भवली ती लांबीची. मागे दोन दाते वाढले की साखळी साधारण एका कडीने अपुरी पडते. दोन-तीन दात्यांची तफावत आस पुढे सरकवून भागविता येते, पण पंचवीस-तीस दात्यांची नव्हे. होंडाने आपल्या आरंभीच्या ट्रेल गाड्यांत यावर जी तजवीज केली, ती साधेपणामुळे मला फार मनोवेधक वाटते. मागील चाकावर लहान आणि मोठे अशी दोन स्प्रॉकेटे शेजारी शेजारी बसविलेली असत, आणि साखळीचा एक जादा तुकडा गाडीबरोबरच दिलेला असे. स्वाराने सडक सोडण्यापूर्वी साखळी उघडावी, तुकडा जोडावा, ती मोठ्या चक्रावर चढवावी, आणि परतताना हाच क्रम उलट करावा. 1964 साली आलेल्या ट्रेल 90 वरही प्रथम हीच पद्धत होती. पुढे त्या दशकाच्या अखेरीस गिअरपेटीच्या जोडीला एक दुय्यम पेटी आली, आणि एंजिनाखालील एक लहान खटका फिरवून गाडी थांबल्या जागी ओढ जवळजवळ दुप्पट करता येऊ लागली. या वंशातील पुढची सीटी 110 ही गाडी ऑस्ट्रेलियाच्या टपालखात्याने पत्रवाटपासाठी कित्येक वर्षे वापरली.

चढाइतकाच उताराचाही मामला आहे, आणि त्याकडे नवशिक्यांचे सहसा दुर्लक्ष होते. अधिक दात्यांची गाडी खडकाळ उतरणीवर एंजिनाच्याच विरोधाने आवरली जाते. ब्रेकवर सारी भिस्त ठेवावी लागत नाही, आणि ओल्या दगडावर चाक अवचित जाम होण्याचा प्रसंग टळतो. मला विचाराल तर डोंगरातील स्वाराला मोठ्या स्प्रॉकेटचा उपकार चढापेक्षाही उतरणीवर अधिक जाणवावा.

ज्या वाचकांना आपल्या लहान दुचाकीवर हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनी प्रथम पुढचा एक दाता कमी करून पाहावा, कारण तो खर्चाने अल्प आणि सहज परत फिरविता येण्याजोगा आहे. तो बदल मानवला आणि कायम ठेवावयाचा झाला, तर पुढे मूळचेच चक्र बसवून वाढ मागील चक्रावर करावी. ज्या गाड्यांचा वेगदर्शक गिअरपेटीवरून चालतो, त्यांत या बदलानंतर वेग खऱ्यापेक्षा अधिक दिसेल, हे विसरू नये. साखळीची ढील मोजताना ती एका जागी न पाहता चाक फिरवून जेथे ती सर्वांत ताठ असेल तेथे पाहावी. आणि जुनी, झिजून लांबलेली साखळी नव्या चक्रावर कदापि चढवू नये. ती नव्या दात्यांनाही आपल्या मापाने झिजविते, म्हणून अशा वेळी पुढचे चक्र, मागचे चक्र आणि साखळी ही तिन्ही एकदमच बदलावीत.