‘नंदुरबार’मध्ये अक्षरं किती?

मागच्या भागात आपण फोनवर टर्मक्स टाकलं, त्यात पायथन बसवलं. बऱ्याच जणांचा प्रश्न आला की लॅपटॉप नाही, फोनवर शिकून उपयोग काय? तर आज उपयोगाचंच सांगतो.

माझी काकू बचत गट चालवते, शहादा तालुक्यात. गटातल्या काही बायका वर धडगावकडच्या पाड्यांवर माहेरी जातात, तिकडे नेट धड नसतं. म्हणून मीटिंगचा निरोप व्हॉट्सॲपवर नाही, साध्या एसएमएसने जातो. काकू मला म्हणाली, “अरे, एवढासा मेसेज, आणि दोनाचे पैसे का कापतात?”

मेसेज असा: “उद्या दुपारी २ वाजता बचत गटाची मीटिंग आहे. पासबुक आणि बचतीचे पैसे घेऊन या”.

आता टर्मक्स उघडा, पायथन सुरू करा. एल-ई-एन, म्हणजे लेन, आणि कंसात अवतरण चिन्हांमध्ये ‘नंदुरबार’ लिहा. आपण कानाने मोजतो नं-दु-र-बा-र, पाच. पायथन सांगतं ८! कारण युनिकोडमध्ये अनुस्वार वेगळा, उकार वेगळा, काना वेगळा. जोडाक्षराचं तर विचारूच नका. ‘उद्या’मधला ‘द्या’ म्हणजे द, हलन्त, य आणि काना, एकूण चार.

पायथनमधून बाहेर या आणि इको नंदुरबार लिहून, उभी रेघ देऊन, डब्ल्यूसी मायनस सी चालवा. उत्तर २५. इथे बाइट मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे २४, आणि इको शेवटी एक एंटर जोडतं. (ही उभी रेघ, म्हणजे पाइप, मला फार आवडते. एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या हातात.)

एसएमएसचा हिशेब मात्र तिसराच. एका मेसेजमध्ये जागा १४० बाइटची, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६०. मराठी आलं की प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणून फक्त ७०. आणि अख्ख्या मेसेजात एकच मराठी अक्षर असलं तरी सगळाच मेसेज १६ बिटांवर जातो! सत्तरच्या पुढे गेलात की तुकडे पडतात, आणि ते जोडायच्या माहितीला जागा लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७च मावतात.

काकूचा मेसेज लेनमध्ये टाकला: ७३. तीन चिन्हांसाठी दुसरा मेसेज! ‘बचतीचे’ हा शब्द आणि त्यामागची मोकळी जागा काढली, ६६ झाले. पैसे कसले ते गटात सगळ्यांना ठाऊकच आहे.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा, असा सल्ला कुणीतरी देईलच. स्वस्त पडतं, खरंय. पण गटातल्या वयस्कर बायकांना ते वाचताच येत नाही, मग निरोप कसला? त्यापेक्षा मोजून लिहिलेलं बरं.

मी आता चार ओळींचा प्रोग्राम केलाय: मेसेज विचारतो, लेन काढतो, सत्तरच्या वर गेला तर किती चिन्हं जास्त झाली ते सांगतो. काकू स्वतः चालवते. तिला लेन-बिन काही सांगितलेलं नाही, फक्त फाइलचं नाव आणि एंटर.

पुढच्या भागात हाच प्रोग्राम ओळीने लिहू. तोवर आपापल्या गावाचं नाव लेनमध्ये टाकून बघा. अक्कलकुवावाल्यांनो, आधी कानाने मोजा हं!